फोटोतला भाऊ: होलोकॉस्टनंतर जन्मलेल्यांची गोष्ट

आजच्या भागात लढाया कमी आणि घरं जास्त आहेत.

कॉमिक्स वाचत असाल तर आर्ट स्पिगेलमन हे नाव ऐकलं असेल. 'माउस' त्याचंच. जन्म १९४८, स्टॉकहोम. म्हणजे युद्ध संपून तीन वर्षं झाली होती. आईवडील, आन्या आणि व्लादेक, दोघंही पोलंडचे ज्यू आणि दोघंही ऑशविट्झमधून वाचलेले. त्यांचा पहिला मुलगा मात्र युद्धातच गेला. तो मावशीकडे होता. मुलं नाझींच्या हाती लागू नयेत म्हणून तिनेच त्याला विष दिलं. पुढे न्यूयॉर्कच्या घरात त्याचा फोटो आईवडिलांच्या बेडरूममध्ये होता, आणि आर्टला त्या फोटोशी आपली स्पर्धा आहे असं वाटायचं. आता जो कधी मोठाच होत नाही त्या भावाशी कोण जिंकणार?

१९६८ मध्ये आईने आत्महत्या केली. तिच्या वह्या वडिलांनी जाळून टाकल्या. मग आर्टने टेप रेकॉर्डर घेतला, वडिलांसमोर बसला आणि विचारत राहिला. त्यातून 'माउस' झालं, १९९२ मध्ये त्याला पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला. मला विचाराल तर पुस्तकात छळछावणीइतकीच भारी गोष्ट आहे ती या बापलेकांच्या भांडणांची. वडील चिकट, हेकेखोर, पोरगा वैतागलेला. वाचून झाल्यावर ते गळ्यात पडून रडत वगैरे नाहीत.

अशी घरं हजारो होती. काही घरांत एक शब्द बोलला जायचा नाही, काहींत दुसरा विषयच नसायचा. मुलांना मेलेल्या आजी-आजोबांची, काका-मावशींची नावं ठेवलेली. इस्रायलच्या मानसोपचारतज्ज्ञ दीना वार्डी यांनी अशा मुलांना 'स्मृतीच्या मेणबत्त्या' म्हटलं. त्यांचं निरीक्षण असं की घरातल्या एका मुलावर नकळत ही ड्यूटी येते: गेलेल्या सगळ्यांच्या वाट्याचं तू जग. अमेरिकेत हेलन एप्स्टाइन या पत्रकार बाईंनी आपल्यासारखीच मुलं शोधून त्यांच्याशी बोलून १९७९ मध्ये पुस्तक काढलं. तोपर्यंत यातल्या अनेकांना वाटत होतं की असं विचित्र घर फक्त आपलंच.

आता तो व्हायरल मुद्दा. 'आघात जीन्समधून येतो', हे रील तुम्ही पाहिलंच असणार. त्यामागे न्यूयॉर्कच्या रेचल येहुदा यांचा अभ्यास आहे. ताणाशी संबंधित एका जीनवरच्या रासायनिक खुणा त्यांनी तपासल्या. माझ्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड तोच, कॉन्फिग फाइल वेगळी. फरक सापडला, हे खरं. पण सॅम्पल बघा: वाचलेले ३२ जण, त्यांची २२ मुलं, आणि तुलनेसाठी ८ पालक आणि ९ मुलं. शिवाय पालकांत त्या खुणा जास्त आणि मुलांत कमी निघाल्या, म्हणजे सरळ कॉपी-पेस्ट नाहीच. एवढ्या डेटावर मी साधं फीचर रिलीज करणार नाही. उलट २००३ मध्ये डच आणि इस्रायली संशोधकांनी ३२ गटांतल्या ४,४१८ जणांचे अभ्यास एकत्र केले. उपचारासाठी न आलेल्या सर्वसाधारण मुलांमध्ये आघात उतरल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे त्रास होत नाही असं नव्हे. पण 'ज्यूंच्या रक्तातच दुःख आहे' हे वाक्य मला भयंकर वाटतं. 'रक्तातच आहे' ही भाषा नाझींची होती.

घरात दाबून ठेवलेलं असेल तर ते उघडता तरी येतं. १९९२ मध्ये डॅन बार-ऑन या इस्रायली मानसशास्त्रज्ञाने वाचलेल्यांची मुलं आणि नाझी गुन्हेगारांची मुलं एका खोलीत बसवली, जर्मनीतच. नियम साधा होता: एकाने आपली गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची. लक्षात आलं की गप्प घरं दोन्हीकडे होती. हा गट पुढे अनेक वर्षं भेटत राहिला.

इस्रायलमध्ये काही नातवंडांनी आजोबांच्या हातावरचा ऑशविट्झचा नंबर स्वतःच्या हातावर गोंदवून घेतला. काही आजोबांना बरं वाटलं, काहींना अजिबात नाही. मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि काही जण नुसतं शोधतात. जर्मनीतल्या बाड आरोल्सेन गावात नाझींच्या बळींचं प्रचंड दप्तर आहे, सुमारे १ कोटी ७५ लाख लोकांची माहिती. २००७ पर्यंत ते सर्वसामान्यांना खुलं नव्हतं. आज त्यातलं बरंच काही मोबाइलवर फुकट शोधता येतं. तिथे काही पाकिटंही आहेत. कैद्यांकडून छावणीत काढून घेतलेली घड्याळं, अंगठ्या, फोटो. यातलं बरंचसं नॉयनगामे आणि डाखाउ छावण्यांतलं, म्हणजे मुख्यतः राजकीय कैदी आणि वेठबिगारांचं. ऑशविट्झला नेलेल्या ज्यूंचं सामान तर लुटूनच नेलं होतं. २०१६ पासून तिथले लोक स्वतःहून वारसांना शोधतायत. मग सत्तर-ऐंशी वर्षांनी कुणा नातीच्या हातात एक बंद पडलेलं घड्याळ येतं, आणि ती घरी जाऊन आईला विचारते, हे कुणाचं होतं गं?