शेवटचा अंक

आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची जुनी चाल आहे. त्यामुळे एकाच घराण्यात विष्णू गोविंद, मग गोविंद विष्णू, आणि पुन्हा विष्णू गोविंद अशी नावे फिरत राहतात. घरात हे गोड वाटते. पण दप्तरात दोन विष्णू गोविंद शेजारी आले की कारकुनाची पंचाईत होते. मग नावाच्या मदतीला आकडा येतो. अशा आकड्यांचा इतिहास मला नेहमीच मोठा रंजक वाटत आला आहे.

आकडा देणे सोपे. तो बिनचूक उतरवून घेणे कठीण. लिहिणारा 27 चे 72 करतो आणि भलत्याच माणसाचे खाते उघडते. आय.बी.एम. कंपनीतील हान्स पीटर लून या जर्मनीत जन्मलेल्या संशोधकाने यावर तोड काढली. 1954 साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. 1960 साली ते मिळाले. युक्ती अशी की, आकड्याच्या शेवटी एक राखणदार अंक जोडावयाचा. समजा आकडा 27 आहे. उजवीकडच्या 7 ची दुप्पट 14, त्यातील अंकांची बेरीज 5. डावीकडचा 2 तसाच. एकूण 7 झाले. दहा भरावयास 3 हवेत, म्हणून पूर्ण आकडा 273. कोणी 723 लिहिले तर बेरीज 14 येते, तिला दहाने भाग जात नाही, आणि चोरी उघडी पडते! आजही क्रेडिट कार्डांच्या आकड्यांवर हाच राखणदार असतो. मात्र 09 चे 90 झाले तर त्याला पत्ता लागत नाही.

ही फट नेदरलँड्सच्या याकोबस व्हेरहूफ या गणितज्ञाने 1969 साली बुजवली. पंचकोन जागच्या जागी बसविण्याचे, फिरवून पाच आणि उलटवून पाच, असे दहा प्रकार होतात. ते त्याने दहा अंकांना वाटून दिले. आधी फिरवून मग उलटविणे आणि आधी उलटवून मग फिरविणे यांचे फळ एकच येत नाही. म्हणजे अंकांच्या क्रमाला किंमत आली. त्याला स्थानाप्रमाणे अंक बदलण्याची जोड मिळाली, आणि एक अंक चुको वा शेजारचे दोन उलटोत, चूक हटकून सापडू लागली.

ही डच युक्ती पुढे आपल्या दाराशी आली. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या बारा अंकांतील शेवटचा व्हेरहूफच्या रीतीने काढलेला असतो. बाकीचे संगणक यदृच्छेने काढतो. त्यांवरून जात, गाव, वय काहीच कळत नाही. एका माणसाला दोन क्रमांक जाऊ नयेत म्हणून बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे आधीच्या नोंदींशी ताडून पाहतात.

पण वाचकहो, राखणदार अंक एवढेच सांगतो की आकडा नीट लिहिला आहे. तो कोणाचा, हे त्याला ठाऊक नसते. राबून राबून ठसे झिजलेल्या म्हाताऱ्याला रेशनच्या दुकानातील यंत्र ओळखत नाही, तेव्हाही त्याचा आकडा अगदी अचूकच असतो. त्या वेळी त्याच्या तोंडाकडे पाहून, “हा आपला विष्णू गोविंद,” असे म्हणणारे कोणीतरी माणूसच लागते.