वहीतली माणसे

'भुयारी रेल्वे' शिकवताना विद्यार्थी मला विचारतात, रूळ कुठे होते? रूळ नव्हते, भुयारही नव्हते. अमेरिकेच्या दक्षिणेतून पळालेल्या गुलामांना रातोरात एका घरातून दुसऱ्या घरी पोचवणारी माणसे होती. घर म्हणजे 'स्टेशन', वाटाड्या म्हणजे 'कंडक्टर'. १८५० च्या कायद्याने उत्तरेतही धरपकड वाढली, तेव्हा ही वाट कॅनडापर्यंत लांबली.

या कामाचे श्रेय पुष्कळदा दयाळू गोऱ्यांच्या पदरात टाकले जाते. क्वेकरांनी साथ दिली, हे नाकारायचे कारण नाही. पण हॅरिएट टबमन १८४९ मध्ये स्वतः पळाली आणि सुमारे १३ वेळा मेरीलँडात परत जाऊन ७० च्या आसपास माणसे सोडवून आली. ही दया नव्हे, हा लढा होता.

फिलाडेल्फियाचा विल्यम स्टिल हाही काळाच. आलेल्या प्रत्येकाचे नाव, मालक, मागे राहिलेली मुलेबाळे तो लिहून घेई. १८५० मध्ये आईबापांना शोधत आलेला एकजण त्याचाच सख्खा भाऊ पीटर निघाला. नोंदी असतील तरच ताटातूट झालेली माणसे भेटतील, हे स्टिलला पटले. जिवावर उदार होऊन त्याने त्या लपवल्या, १८७२ मध्ये छापल्या. पुढच्याच वर्षी जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्यांना अर्पण केली.

माझी आजी गाव सोडून शहरात कुणाच्या आसऱ्याने आली, हे मी कधी विचारले नाही. आता ती नाही. तुमची असेल, तर आजच वही घेऊन बसा.