बेडफर्डच्या तारा आणि आपल्या गावची पाटी

परवा बाजारपेठेत एकाने विचारलं, "भाऊ, जुनंपुराणं कशाला उकरत बसता? कुणाला काय पडलंय?" तेव्हा हसून टाळलं. आज नीट उत्तर देतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात, ब्लू रिज डोंगराच्या पायथ्याशी बेडफर्ड नावाचं गाव आहे. १९४४ साली तिथली वस्ती साधारण ३,२००. म्हणजे आपल्या तालुक्यातलं एखादं मध्यम गाव समजा. मंदीचे दिवस, हाताला काम कमी. गावातली पोरं नॅशनल गार्डमध्ये भरती झाली. आपल्या टेरिटोरियल आर्मीसारखा प्रकार. कवायतीला हजर राहिलं की एक डॉलर मिळायचा. त्या डॉलरसाठी, गणवेशाच्या हौसेसाठी, मित्र गेला म्हणून, अशीच पोरं गेली. आपल्याकडेही भरतीला पोरं अशीच जातात की!

३ फेब्रुवारी १९४१ ला सरकारने या गार्डला थेट सैन्यात ओढलं. बेडफर्डची कंपनी म्हणजे २९ व्या डिव्हिजनच्या ११६ व्या रेजिमेंटमधली 'ए' कंपनी. ६ जून १९४४ च्या पहाटे फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर, ओमाहा बीचवर, पहिल्या लाटेत हीच कंपनी उतरवली गेली. समोर उंचवट्यावर जर्मन मशीनगन. त्या कंपनीत बेडफर्डचे तीसेक जण होते. दिवस संपेपर्यंत त्यातले १९ गेले. कंपनीचा कॅप्टन टेलर फेलर्स, तोही गावचाच, तोही गेला.

रॉय आणि रे स्टीव्हन्स हे जुळे भाऊ. उतरण्याआधी रे ने हात पुढे केला. रॉय म्हणाला, आता नको, वर गावाच्या चौकात भेटू तेव्हा हात मिळवू. रॉयची बोट किनाऱ्याला लागण्याआधीच बुडाली, म्हणून तो वाचला. चार दिवसांनी तो किनाऱ्यावर आला, तेव्हा त्याला भावाची कबर सापडली. तो हात मिळवायचा राहिला ही गोष्ट रॉय म्हातारपणापर्यंत सांगत राहिला.

इकडे गावाला काहीच पत्ता नाही. सहा आठवडे गेले. गावात ग्रीन्स ड्रगस्टोअर नावाचं औषधाचं दुकान होतं. त्याच दुकानात तारेचं यंत्र. १७ जुलैच्या सकाळी तिथल्या तार मुलीने, एलिझाबेथ टीसने, यंत्र सुरू केलं आणि तारा एकामागून एक येतच राहिल्या. सगळ्या वॉर डिपार्टमेंटच्या. छोटं गाव, प्रत्येक नाव ओळखीचं. होबॅक कुटुंबाला लागोपाठ दोन तारा आल्या. एक मुलगा ठार, दुसरा बेपत्ता. बेपत्ता रेमंडचा देह कधीच सापडला नाही. सापडलं ते त्याचं बायबल. वेस्ट व्हर्जिनियाच्या एका शिपायाला ते किनाऱ्यावर मिळालं, आणि त्याने ते पत्रासह घरी पाठवून दिलं. त्या आईकडे पोराचं म्हणून तेवढंच परत आलं.

इथपर्यंत ही युद्धाची गोष्ट झाली. मला पुढची जास्त महत्त्वाची वाटते.

बेडफर्डने ही गोष्ट विसरू दिली नाही. शेजारच्या रोनोक शहरातले बॉब स्लॉटर हे त्याच रेजिमेंटचे माजी सैनिक. त्यांनी आणि इतर काहींनी स्मारकाचा ध्यास घेतला. गावाने जागा दिली. ६ जून २००१ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या हस्ते नॅशनल डी-डे मेमोरियलचं लोकार्पण झालं. तिथली कमान ४४ फूट ६ इंच उंच आहे. सहावा महिना, सहा तारीख, ४४ साल, असा त्याचा हिशेब. पण सगळं गोडगोड नव्हतं. कर्ज डोक्यावर बसलं आणि पुढच्याच वर्षी ट्रस्टला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. स्मारक बांधणं सोपं, चालवणं अवघड, हे तिथेही खरं आणि इथेही.

आणि या छोट्या गावाने एक मोठं काम केलं. त्या एका दिवशी दोस्तांचे नेमके किती सैनिक मेले, याची नावानिशी पूर्ण यादीच कुठे नव्हती. मोठमोठ्या पुस्तकांत अंदाजे आकडे. बेडफर्डच्या ट्रस्टने वर्षानुवर्षं कागद चाळले, एकेक नाव तपासलं. यादी ४,४०० च्या वर गेली. आधीच्या बऱ्याच अंदाजांपेक्षा कितीतरी जास्त! ती नावं आज तिथे कांस्याच्या पाट्यांवर आहेत. स्वतःच्या गावचा आकडाही त्यांनी सोडला नाही. १९, २१, २२, २३ असे वेगवेगळे आकडे सांगितले जायचे. कुणी दुसऱ्या कंपनीतले धरायचे, कुणी नंतरच्या लढाईत गेलेले. तेही तपासलं गेलं. आपला अभिमान मोठा दिसावा म्हणून आकडा फुगवला नाही. पत्रकार म्हणून मला याचं फार कौतुक वाटतं.

कुणी म्हणेल, सैन्याकडे सगळं रेकॉर्ड असतंच ना? ऐका. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईस इथल्या सरकारी रेकॉर्ड केंद्राला आग लागली. सुमारे १.६ ते १.८ कोटी सैनिकांच्या फायली जळाल्या. १९१२ ते १९६० दरम्यान लष्करातून सुटलेल्या सैनिकांचं सुमारे ८० टक्के रेकॉर्ड गेलं. दुसरी प्रत नाही, मायक्रोफिल्म नाही. मग नोंदी परत जुळवायला काय कामी आलं? पगाराच्या नोंदी, काउंटीच्या कोर्टात नोंदवून ठेवलेले सुटकेचे कागद, आणि घरातल्या पेटीतली कागदपत्रं. सरकारी केंद्रात जळालं, ते गावात शिल्लक होतं.

२००० साली अमेरिकन संसदेने कायदा करून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये माजी सैनिकांच्या आठवणी गोळा करण्याचा प्रकल्प सुरू केला. मुलाखत घेणारा कुणी तज्ज्ञ लागत नाही. नातू चालतो, शाळेतली पोरगी चालते. अट एवढीच की ध्वनिमुद्रण किमान तीस मिनिटांचं हवं.

तीस मिनिटं. हा आकडा मला टोचतो. सांगतो का ते.

आमच्या गल्लीत एक फौजी आप्पा होते. १९७१ ला सीमेवर होते. दर वेळी म्हणायचे, "ये रे एकदा निवांत, सांगतो सगळं." मी म्हणायचो, "येतो आप्पा, निवडणूक होऊ द्या." मग पाऊस होऊ द्या, मग दिवाळी अंक होऊ द्या. आप्पा गेले. मी चार ओळींची निधनवार्ता लिहिली आणि त्यात त्यांच्या युनिटचं नावही टाकता आलं नाही, कारण मी ते कधी विचारलंच नव्हतं. वीस वर्षं या धंद्यात आहे, पण तेवढी तीस मिनिटं मला निघाली नाहीत.

दुसरी गोष्ट. साताऱ्यापासून कोकणापर्यंत अनेक गावांत इंग्रजांच्या काळातली दगडी पाटी दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. फक्त आकडा, नाव एकही नाही. आमच्या भागातल्या एका गावात अशी पाटी होती. भिंतीची दुरुस्ती झाली तेव्हा तिच्यावरून ऑइलपेंटचा हात फिरला. आता हात फिरवला की अक्षरं लागतात, दिसत नाहीत. कुणी मुद्दाम केलं नाही. कुणाला ती काय आहे हे माहीतच नव्हतं, आणि हेच जास्त वाईट आहे.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात, भावकीत, आळीत माजी सैनिक असतील तर या रविवारी मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर बसा. नाव, गाव, भरतीचं साल, युनिट, कुठे कुठे होते, सोबत कोण होतं, एवढं विचारा. पुढचं ते स्वतःच सांगतील. जुनी लोखंडी ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक, पत्रं, फोटो यांचे नीट फोटो काढा. फोटोच्या मागे पेन्सिलने नावं लिहा. मूळ कागद कुणालाच देऊ नका, मलाही नाही.

पाटीवरचा रंग काढायचा विषय मी ग्रामसभेत मांडणार आहे. कोण कोण येणार, कमेंटमध्ये सांगा. आणि बाजारपेठेतल्या त्या मित्राला, कुणाला काय पडलंय या प्रश्नाचं माझं उत्तर: मला पडलंय. उशिरा का होईना, पडलंय.