दगड आणि गाणे : स्टीफन हिस्लॉप यांचा वारसा

नंदुरबार जिल्ह्यातील काठीची राजवाडी होळी सर्वपरिचित आहे. ती ज्या काळ्या पाषाणभूमीवर पेटते, तो पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याचे थर पूर्वेकडे विदर्भापर्यंत पसरत जाऊन नागपूरच्या आसपास संपतात. दोन लाव्हाप्रवाहांमधील विरामाच्या काळात ठिकठिकाणी तळी साचली, त्यांत गोगलगायी वाढल्या, काठाने झाडे उगवली आणि पुढील प्रवाहाखाली ते सारे गाडले गेले. या गाळाचे शास्त्रीय वाचन करणाऱ्या आद्य अभ्यासकांत स्टीफन हिस्लॉप (१८१७-१८६३) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी. १८४५ साली ते भोसल्यांच्या नागपुरात आले. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह त्यांनी टाकळी परिसरातील शंख, बिया, फळे यांचे अश्मावशेष गोळा केले. त्यावरील त्यांचा शोधनिबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मांगली येथील, लाव्हाहूनही पुष्कळ प्राचीन खडकात सापडलेली एका उभयचराची कवटी लंडनला गेली. रिचर्ड ओवेन यांनी तिला 'ब्रॅकिऑप्स' हे नाव दिले.

परंतु हिस्लॉप यांची जिज्ञासा दगडापाशी थांबली नाही. ज्या मुलखात ते खडक धुंडाळीत होते, तेथील गोंडांची भाषा, दैवते आणि चालीरीती यांच्याही नोंदी त्यांनी केल्या. परधानांनी पिढ्यान्‌पिढ्या गायिलेली लिंगोची गाथा त्यांनी गोंडीतून उतरवून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. त्यांच्या या नोंदी रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली संपादित करून प्रसिद्ध केल्या. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, लोकांचा 'अजब बंगला', हिस्लॉप गेले त्याच वर्षी स्थापन झाले.

एकाच माणसाने जे एकत्र पाहिले, त्याची पुढे फाळणी झाली. दगड भूशास्त्राकडे गेला, गाणे मानववंशशास्त्राकडे. एक लंडनच्या कपाटात, दुसरे इंग्रजी ग्रंथात. आणि ज्यांच्या शिवारातून व कंठातून हे धन निघाले, ते दोन्हीकडे परकेच राहिले.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याचे उदाहरण पाहा. तेथील अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळले आणि डायनासोरांच्या काळीच गवत अस्तित्वात होते, हे २००५ मध्ये जगापुढे आले. गवताच्या इतिहासात ज्या गावाचे नाव असे कोरले गेले, त्या गावच्या किती मुलांना हे ठाऊक असेल?

गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधम येथे जीवाश्म उद्यान उभे राहिले, ही योग्य दिशा आहे. मात्र जागेला कुंपण घातल्याने ज्ञान गावाचे होत नाही. अश्मावशेषांची माहिती मराठीबरोबरच गोंडीत लिहिली गेली पाहिजे. उद्या सातपुड्यात असे काही सापडले, तर ती भिली आणि पावरीतही हवी. पूर्वजांच्या कथा मुखोद्गत ठेवणाऱ्या समाजाला भूमीची कथा समजणार नाही, असे मानणे हा आपल्या विद्येचा अहंकार होय. हिस्लॉप यांच्या धर्मप्रसाराविषयी मतभेद असू शकतील. पण दगड उचलण्यापूर्वी माणसाची भाषा शिकावी, हा त्यांचा धडा आपल्या विद्यापीठांनी आणि संग्रहालयांनी अद्याप पुरता गिरवलेला नाही.