आगगाडीनं वसवलेलं गाव

श्रोतेहो, तुमचं गाव कसं वसलं असं विचारलं, तर आपल्याकडची म्हातारी माणसं नदीकडे, देवळाकडे नाहीतर जुन्या गढीकडे बोट दाखवतात. अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखात पुष्कळ गावांत हे बोट रुळांकडे वळलं असतं. तिथे आधी आगगाडी आली, गाव मागाहून आलं. मोनोवाय हे त्यांतलंच एक.

नेब्रास्का राज्याच्या उत्तर टोकाला, नायोब्रारा आणि मिसूरी या नद्यांच्या मधे हे गाव आहे. या बाजूचे मूळचे रहिवासी म्हणजे पाँका लोक. १८७७ साली सरकारने त्यांना सक्तीने दूर दक्षिणेकडे नेले. पुढे या मुलखात गोरे शेतकरी आले, आणि त्यांच्या मागोमाग रेल्वे कंपनी. १९०२ साली रूळ इथवर पोचले आणि जमिनीवर रस्ते आखून गाव पाडले गेले. नाव मात्र मूळच्या लोकांच्या भाषेतलं ठेवलं. त्याचा अर्थ ‘फूल’ असा सांगतात.

अशी गावे रुळांच्या कडेने पाच-दहा मैलांवर एकेक असत. त्यात हिशेब होता. शेतकऱ्याने पहाटे घोडागाडीत धान्य भरावे, स्टेशनावर माल घालावा, मीठ-साखर घ्यावी आणि दिवेलागणीला घरी परतावे, एवढेच ते अंतर. मोनोवायला पोस्ट होते, किराणा दुकाने होती, शाळा आणि चर्च होते. १९३० च्या शिरगणतीत १२३ माणसे भरली. आपल्या हिशेबाने एखादी वाडीच, पण नांदती.

मग काय झालं? आधी मंदी आली, अवर्षण आले. त्यानंतर ट्रॅक्टर आला, आणि चार घरांची शेती एक घर करू लागले. मोटारी आणि ट्रक आले, तसा माल थेट दूरच्या मोठ्या बाजाराला जाऊ लागला. घोडागाडीच्या हिशेबाने वसवलेल्या गावाचे कामच संपले. १९६० साली ४० माणसे उरली. १९६७ साली पोस्ट बंद झाले, १९७४ साली शाळा. ज्या आगगाडीने गाव आणलं, तीही थांबली आणि रूळ उखडले गेले. १९९० साली ६ माणसे, २००० साली २. ती दोघे म्हणजे एक नवराबायको. २००४ साली नवरा वारला आणि २०१० च्या शिरगणतीत मोनोवायची लोकसंख्या भरली १!

पण मंडळी, गाव कागदावरून गेलं नाही. त्या बाईच सरपंच झाल्या, त्याच चिटणीस आणि खजिनदार. आपला कर आपणच गावाच्या तिजोरीत भरायचा. आपल्या मद्यगृहाचा परवाना आपणच सरपंच म्हणून द्यायचा. चार दिव्यांच्या खांबांसाठी सरकारी मदत मिळावी, म्हणून दरसाल रस्त्यांचा आराखडा करून पाठवायचा. नवऱ्याची सुमारे ५,००० पुस्तके होती, त्यांचे त्यांनी सार्वजनिक वाचनालय केले. आसपासचे शेतकरी जेवायला आणि पत्ते खेळायला येत. म्हणजे राहणारं माणूस एक, पण ते गाव आपलं समजणारी माणसं पुष्कळ.

२०२० च्या शिरगणतीत तिथे २ हा आकडा छापला गेला. दुसरं माणूस मात्र कुणी आलं नव्हतं! माणसांची खाजगी माहिती उघड होऊ नये म्हणून लहान गावांचे आकडे तिथे मुद्दाम थोडे इकडेतिकडे करतात, त्यातून हा ‘शेजारी’ निघाला.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकेत आपल्या गावाचे आकडे मिळतात. १९५१ पासूनचे मिळतील तेवढे मुलांकडून फळ्यावर ओळीने लिहून घ्यावेत. आकडा जिथे एकदम चढला किंवा उतरला, तिथे काय घडले ते मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून यावे. धरण, दुष्काळ, कारखाना, नवा रस्ता, बंद पडलेली गाडी... उत्तर घरोघर निराळे येईल, आणि त्यातून गावाचा इतिहास मुलांच्याच हातून लिहून होईल.