चंद्रलेखा (नृत्यदिग्दर्शिका)

चंद्रलेखा प्रभुदास पटेल (६ डिसेंबर, १९२८ – ३० डिसेंबर, २००६) या भारतीय नर्तिका आणि नृत्यदिग्दर्शिका होत्या. भरतनाट्यम, योगासने आणि केरळमधील कळरीपयट्टू ही युद्धकला यांच्या देहभाषेला अभिजात संगीताची जोड देऊन त्यांनी समकालीन भारतीय नृत्यात स्वतंत्र शैली निर्माण केली. ‘अंगिका’ (१९८५), ‘लीलावती’ (१९८९), ‘प्राण’ (१९९०), ‘श्री’ (१९९१), ‘यंत्र’ (१९९४) आणि ‘शरीर’ (२००१) या त्यांच्या प्रमुख नृत्यरचना होत. त्यांच्या रचनांमध्ये योग हा नृत्यावर चढवलेला अलंकार नाही. नर्तकाच्या हालचालीचा वेग, श्वास आणि तोल ठरवणारा तो पाया आहे.

सुरुवातीचे जीवन

चंद्रलेखा यांचा जन्म महाराष्ट्रात, सध्याच्या पालघर जिल्ह्यातील वाडा येथे झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते. शालेय शिक्षणानंतर त्यांनी कायद्याचा अभ्यास सुरू केला होता, परंतु तो सोडून त्या नृत्य शिकण्यासाठी मद्रासला (सध्याचे चेन्नई) गेल्या. तेथे कांचीपुरम एल्लप्पा पिल्लै यांच्याकडे त्यांनी भरतनाट्यमचे शिक्षण घेतले. टी. बालसरस्वती आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल या दोन थोर नर्तिकांच्या कलेचा त्यांच्यावर प्रभाव पडला.

१९५२ मध्ये रायलसीमा भागातील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी त्यांचा नृत्याचा कार्यक्रम झाला. यमुनेतील जलक्रीडेचे वर्णन असलेल्या पदावर नृत्य करीत असताना त्यांना दुष्काळाच्या छायाचित्रांतील भेगाळलेली जमीन आठवली. रंगमंचावर पाण्याची समृद्धी आणि बाहेर पाण्यासाठी वणवण, या विसंगतीने त्या अस्वस्थ झाल्या. कला आणि जीवन यांतील हे अंतर हा त्यांच्या पुढील विचाराचा आरंभबिंदू मानला जातो.

रंगमंचापासून दूर आणि पुनरागमन

१९६० मध्ये त्यांनी ‘देवदासी’ ही रचना सादर केली. पुढील काळात त्या रंगमंचीय नृत्यापासून बऱ्याच अंशी दूर राहिल्या. लेखन, भित्तिपत्रकांची निर्मिती, तसेच स्त्रियांच्या चळवळी आणि मानवी हक्कांचे कार्य यांत त्यांनी ही वर्षे घालवली.

१९८४ मध्ये मुंबई येथे पूर्व आणि पश्चिम यांतील नृत्यकलावंतांचा एक मेळावा भरला होता. या मेळाव्यातून चंद्रलेखा नृत्यक्षेत्रात परतल्या. त्यांचे वय तेव्हा ५५ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘अंगिका’ रचली.

अंगिका

नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी देहाशी संबंधित असलेल्या आंगिक प्रकारावरून या रचनेचे नाव आले. भरतनाट्यम, योग आणि कळरीपयट्टू या तिन्ही विद्या तीत एकत्र आल्या. कळरीपयट्टूमध्ये हत्ती, सिंह, घोडा, मोर, सर्प अशा प्राण्यांच्या नावाने ओळखले जाणारे पवित्रे असतात. योगासनांतही मयूर, भुजंग, मत्स्य अशी नावे आढळतात. भरतनाट्यममध्ये गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवून घेतलेली अर्ध्या बैठकीची स्थिती मूलभूत असते. या तिन्ही ठिकाणी शरीराचा तोल, जमिनीशी असलेला संबंध आणि कण्याची स्थिती यांना महत्त्व आहे. त्यामुळे या विद्यांना एकत्र आणणे म्हणजे निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ करणे, असे चंद्रलेखा मानत नसत. या विद्यांचे मूळ एकच आहे आणि त्या नंतरच्या काळात एकमेकींपासून दुरावल्या, अशी त्यांची भूमिका होती.

शैली आणि योगाचे स्थान

योगासन आणि नृत्य यांचा मेळ घालताना एक मूलभूत अडचण येते. आसनात शरीर स्थिर ठेवायचे असते आणि त्याची कालमर्यादा श्वासावर ठरते. नृत्यातील हालचाल मात्र तालाच्या मात्रांना बांधलेली असते. तालाला प्राधान्य दिल्यास आसनाची केवळ बाह्य आकृती उरते, तर स्थिरतेला प्राधान्य दिल्यास नृत्याचा ओघ तुटतो.

चंद्रलेखा यांनी यावर हालचालीची गती कमी करण्याचा मार्ग स्वीकारला. त्यांच्या अनेक रचनांत नर्तक एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत अत्यंत संथपणे जातात, त्यामुळे अंतिम आकृतीइतकाच तिथवरचा प्रवासही प्रेक्षकांना दिसतो. हा संथपणा सोपा नसतो. वेगवान हालचालीत झाकला जाणारा तोलाचा दोष संथ हालचालीत लगेच उघड होतो. म्हणूनच त्यांच्या नर्तकांना नृत्याच्या जोडीने योग आणि कळरीपयट्टू यांचा सराव आवश्यक असे.

दागिने, भडक रंगभूषा, कथाकथन आणि चेहऱ्यावरील भावदर्शन त्यांनी जवळजवळ वर्ज्य केले. नर्तक साध्या वेशात वावरत. प्रेक्षकांचे लक्ष शरीराच्या रेषा, त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळ यांसारख्या भौमितिक रचना आणि नर्तकांमधील अवकाश यांवर केंद्रित व्हावे, हा त्यामागील हेतू होता. ‘यंत्र’ या रचनेत ही भूमिती विशेष ठळक आहे.

‘श्री’ या रचनेचा विषय स्त्रीशक्ती आहे. तीत पाठी वाकवून चालणाऱ्या स्त्रियांचा प्रसंग येतो. योगात मेरुदंडाला केंद्रस्थान असते. येथे ताठ आणि वाकलेला कणा यांतील फरकातूनच स्त्रियांची स्थिती व्यक्त होते.

संगीत

पारंपरिक भरतनाट्यममध्ये पदाचा अर्थ हस्तमुद्रा आणि अभिनय यांतून उलगडला जातो. चंद्रलेखा यांच्या रचनांत संगीत आणि हालचाल एकमेकांचे भाषांतर करीत नाहीत, तर समांतर चालतात. ‘लीलावती’साठी त्यांनी भास्कराचार्य यांच्या बाराव्या शतकातील गणितविषयक ग्रंथाचा आधार घेतला. त्यातील कोडी हा एखाद्या नृत्यरचनेसाठी वेगळाच विषय होता.

‘शरीर’ या अखेरच्या रचनेत योग आणि संगीत यांचा संबंध सर्वाधिक स्पष्ट होतो. तिला गुंदेचा बंधूंच्या ध्रुपद गायनाची साथ होती. ध्रुपदातील आलाप तालाविना, संथ लयीत उलगडतो आणि गायकाच्या दमसासावर अवलंबून असतो. योगासनालाही श्वासाचाच आधार असल्यामुळे या संगीतात आसनाची स्थिरता आणि नृत्याचा ओघ एकत्र नांदू शकले. कवयित्री आणि नर्तिका तिशानी दोशी आणि कळरीपयट्टूचे जाणकार शाजी जॉन यांनी ही रचना अनेक वर्षे सादर केली.

टीका आणि मूल्यमापन

चंद्रलेखा यांच्या कार्यावर परस्परविरोधी प्रतिक्रिया उमटल्या. भक्तिरस, अभिनय आणि पदार्थ वगळल्यावर उरलेल्या प्रकाराला भरतनाट्यम म्हणता येईल का, असा प्रश्न परंपरेच्या अभिमान्यांनी उपस्थित केला. त्यांच्या रचनांतील लैंगिकतेचे मोकळे सूचन काहींना खटकले. योग ही अंतर्मुख साधना असल्याने ती प्रेक्षकांसमोर मांडावी का, हा प्रश्नही या प्रकारच्या प्रयोगांबाबत विचारला जातो. याउलट, स्त्रीदेहाला केवळ पाहण्याची वस्तू मानणाऱ्या दृष्टीला छेद देऊन त्याचे सामर्थ्य दाखवणाऱ्या या रचना अनेक समीक्षकांनी आधुनिक भारतीय नृत्यातील महत्त्वाचा टप्पा मानल्या. रुस्तम भरूचा यांनी त्यांच्या जीवनकार्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आहे.

पुरस्कार

चंद्रलेखा यांना १९९१ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २००४ मध्ये अकादमीची फेलोशिप मिळाली. मध्य प्रदेश शासनाच्या कालिदास सन्मानानेही त्यांना गौरवण्यात आले.

निधन आणि वारसा

३० डिसेंबर, २००६ रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले. बेझंट नगर येथील समुद्रकिनाऱ्यालगतची त्यांची वास्तू ‘स्पेसेस’ या नावाने कलाविषयक उपक्रमांचे केंद्र म्हणून ओळखली जाते. त्यांच्याकडे घडलेल्या कलावंतांपैकी पद्मिनी चेट्टूर यांनी पुढे स्वतंत्र नृत्यदिग्दर्शिका म्हणून नाव मिळवले. ‘शरीर’चे प्रयोग चंद्रलेखा यांच्या निधनानंतरही होत राहिले.