ईजीआर बंद केला की गाडी खरंच जोरात पळते का?

डिझेल गाडीचा पिकअप पडला की ‘ईजीआर बंद करून टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. खर्च कमी आणि गाडी पुन्हा नव्यासारखी, असं सांगितलं जातं. यात खरं किती?

ईजीआर म्हणजे काय?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये पाठवणारी यंत्रणा म्हणजे एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन, थोडक्यात ईजीआर. किती धूर परत पाठवायचा हे ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो आणि त्यानुसार व्हॉल्व्ह उघडतो किंवा मिटतो.

हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन असतो. सिलिंडरमधलं तापमान खूप वाढलं की त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन नायट्रोजन ऑक्साइड्स तयार होतात. परत आलेल्या धुरात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि हे वायू कमी तयार होतात. दमा असलेल्यांना त्यांचा जास्त त्रास होतो.

मग लोक वैतागतात का?

काजळीमुळे. धुरातली काजळी आणि इंजिन ऑइलची वाफ मिळून व्हॉल्व्हवर आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये चिकट थर साचतो. शहरातलं ट्रॅफिक आणि जवळच्या फेऱ्या यांत तो लवकर वाढतो. व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर पिकअप पडतो, काळा धूर येतो, चेक इंजिनचा दिवा लागतो. मग धुराच्या वाटेवर प्लेट बसवून किंवा ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून ईजीआर बंद केला जातो.

पॉवर वाढते का?

कमाल पॉवर जवळपास तेवढीच राहते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इंजिनाला जास्तीत जास्त ताजी हवा लागते, म्हणून त्या वेळी ईसीयू साधारणपणे स्वतःच ईजीआर मिटवतो. हळू चालवताना गाडी थोडी चपळ वाटू शकते, इतकंच.

लोकांना जाणवणारा मोठा फरक बहुतेकदा अडकलेला व्हॉल्व्ह बंद झाल्याचा असतो. तो साफ केला किंवा बदलला तरी तोच फरक पडतो. पेट्रोल गाडीत तर ईजीआर काढल्याने इंजिन नॉक करू शकतं आणि मायलेजही घटू शकतं.

तोटे काय?

नुसती प्लेट लावली तर ईसीयूला गडबड कळते, एरर येतो आणि काही गाड्या लिम्प मोडमध्ये जाऊन पॉवर कमी करतात. वॉरंटीवरही पाणी सोडावं लागू शकतं.

कायद्याचा प्रश्न वेगळाच. डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइड्सची मर्यादा बीएस-4 मध्ये किलोमीटरला 0.25 ग्रॅम होती. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मध्ये ती 0.08 ग्रॅम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) नुसार वायुप्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लायसन्सही 3 महिने जाऊ शकतं.

पण पीयूसी तर मिळतं!

मिळतं, कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा दाटपणा तपासला जातो. नायट्रोजन ऑक्साइड्स मोजलेच जात नाहीत. ईजीआर बंद केल्यावर काजळी थोडी कमीही होऊ शकते. म्हणजे धूर स्वच्छ दिसतो, पण न दिसणारा विषारी वायू वाढलेला असतो. 2015 मध्ये अमेरिकेत उघड झालेलं फोक्सवॅगन प्रकरण याच वायूंचं होतं. तिथे चाचणीत पास होणाऱ्या काही डिझेल गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या 40 पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड्स सोडत होत्या.

मग करायचं काय?

- आधी स्कॅनर लावून एरर कोड बघा. पिकअप पडण्यामागे टर्बोचा फाटका पाइप किंवा चोंदलेला फिल्टरही असू शकतो.
- दोष ईजीआरचाच असेल तर व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड साफ करून घ्या. तरी अडकत असेल तर व्हॉल्व्ह बदला.
- कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल वापरा आणि ते वेळेवर बदला.
- जुनी डिझेल गाडी घेताना ईजीआर चालू आहे का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. आधीच्या मालकाने तो बंद केलेला असेल तर पुढची जबाबदारी तुमच्यावर येते.